आनंदरावांच्या पोटरीवरचं गळू

भंडाऱ्यातल्या एका लॅबमध्ये रीना मेश्राम जंतू वाढवते. लग्नाच्या बोलणीत तिनं हे असंच सांगून टाकलं, तर पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. ती मात्र मजेत होती.

तिच्या जिवाला घोर होता तो वडिलांचा. आनंदराव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. नाक गळलं की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणायचं, दोन दिवस घ्यायचं, सोडायचं.

"बाबा, सर्दी व्हायरसची रायते. या गोळीनं व्हायरस मरत नाही."

"मंग मी बरा कसा होतो?"

"गोळी नसती घेतली तरी झाले असते."

"तुले बापापेक्षा जास्त समजते काय?"

पावसाळ्यात त्यांच्या पोटरीवर गळू आलं. नेहमीच्या गोळीनं ते हटेना, उलट पाय सुजून खांबासारखा झाला. डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला आणि तपासायला पाठवला तो नेमका रीनाकडेच. तिनं तो बशीतल्या जंतूंच्या खाद्यावर पसरला. दुसऱ्या दिवशी जंतू कोणते ते कळलं.

दुसऱ्या दिवशी जंतू कोणते ते कळलं. तिसऱ्या दिवशी तिनं बशी उजेडात धरली. सहा टिकल्यांना जंतू अगदी चिकटून वाढले होते. असल्या बशा तिनं ढीगभर पाहिल्या होत्या, पण हिच्यावर बापाचं नाव होतं.

मग वरच्या मॅडमना विचारून तिनं वडिलांना रिक्षात घालून लॅबमध्ये आणलं.

आनंदरावांनी बशी झाकणातून निरखून पाहिली. "हे तं बिनतिकिटाचेच निघाले! कोनाले भेऊन नाही रायले."

"तुमीच शिकवलं त्यायले. दोन गोळ्या दाखवायच्या अन् सोडून द्यायचं."

"अन् ह्या दोन टिकल्या? इथं तं मोकळं हाय."

"हे एक इंजेक्शन. अन् ही जुनी, साधी गोळी. नशीब समजा."

डॉक्टरांनी ती साधी गोळीच सात दिवसांसाठी दिली. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. आनंदराव म्हणाले, "झालं, आता बस." रीना पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभीच राहिली. सातही दिवस राहिली.

पंधरवड्यात जखम भरली. पण आता निराळंच सुरू झालंय. परवा ते शेजारच्या श्यामरावांना घेऊन लॅबच्या दारात हजर.

"याले बशी दाखव. हा बी दोन दिवसांतच गोळी सोडते."

"बाबा, दुसऱ्याची बशी दाखवता येत नाही!"

"मंग याचीच बनव," म्हणून आनंदरावांनी श्यामरावांना बाकावर बसवलं.