चाल सुधारण्याची परवानगी

दवाखान्यातल्या व्यायामकक्षाच्या बाईंना पेशंट पाठीमागे ‘हवालदार’ म्हणत, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. पक्षाघात झालेल्या माणसाला पुन्हा चालतं करणं हे त्यांचं काम. "पाय उचला, घासू नका," हे त्या दिवसातून शंभरदा म्हणत, आणि त्यातलं एकदाही प्रेमानं नसे.

अशा या बाईंनी एक उद्योग करून ठेवला होता. मोबाइलवर खटपट करून त्यांनी दोन गाण्यांचं मॅशअप केलं. ठेका एका नवख्या गायिकेच्या गाण्यातला, चाल एका जुन्या गाण्याची. एका ठोक्याला एक पाऊल. चार महिने समांतर दांड्यांना चिकटलेले निवृत्त पोस्टमन त्या गाण्यावर चक्क सहा पावलं सुटे चालले.

आणि नेमकं तेव्हाच दवाखान्याच्या कार्यालयाचं पत्र आलं. गाणी दुसऱ्यांची आहेत, लेखी परवानगी आणा, तोवर वाजवू नका. गाणं थांबलं तसे पोस्टमनही थांबले. पुन्हा दांडी धरून उभे, पाऊल काही सुटेना. बाईंचा जीव नुसता तुटत होता.

गायिकेनं तासाभरात होकार कळवला. जुन्या गाण्याचे संगीतकार ऐंशीच्या घरातले. त्यांना बाईंनी जन्मात लिहिली नव्हती इतकी नम्र ईमेल लिहिली: ‘आम्ही आपल्या गाण्यावर रोज चाल सुधारतो. त्यास आपली परवानगी असावी.’

आता व्यायामकक्षात चाल म्हणजे चालणं. संगीतकाराच्या घरात चालीचा अर्थ निराळा. म्हाताऱ्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी फोनच केला. साठ वर्षांत आपली चाल सुधारायची कुणाची छाती झाली नव्हती, परवानगी तर विसराच, आता वकीलच बोलेल, असं त्यांनी एका दमात सुनावलं. हवालदारांची बोबडी वळली.

"गाण्याची नाही हो," त्या कशाबशा म्हणाल्या. "पोस्टमनची."

"कोण पोस्टमन?"

बाईंनी सगळं सांगितलं. मग म्हातारे म्हणाले, वाजवा, ऐकू द्या.

कार्यालयाचा हुकूम गुंडाळून ठेवून बाईंनी गाणं लावलं आणि हातातला फोन जमिनीलगत धरून पोस्टमनच्या बाजूनं वाकून चालू लागल्या. पोस्टमननी दांडी सोडली. सहा पावलं झाली, सात झाली, अकराव्याला त्यांनी दाराची चौकट गाठली.

"त्यांचा एक पाय मागे पडतोय," फोनमधून आवाज आला. "ठेका जरा संथ करा. कागद आजच पाठवतो."

बाई तिथंच फरशीवर बसल्या आणि पेशंटसमोर घळाघळा रडल्या. कुणाची लाज वाटली नाही, इतकं हलकं वाटत होतं.

चौकट धरून उभे असलेले पोस्टमन मात्र काळजीत पडले. "बाई, मला परत कोण नेणार?"

"तुमचे तुम्ही या," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मला आत्ता उठवत नाही."