घरच्या सरकीचा कंपायलर

कंप्युटरवर ‘मला अटी मान्य आहेत’ हे बटण दाबायच्या आधी त्या अटी खरोखर वाचणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच होता, आणि माझ्या ताईचं नशीब असं, की तिचं लग्न त्याच्याशीच झालं. भाऊजी नुसते वाचत नसत, मोठ्यानं वाचत. ताई स्वयंपाकघरातून विचारायची, “आटपलं का तुमचं?” भाऊजी चष्मा वर सरकवून म्हणायचे, “थांब न. हे आपल्याले काय काय करू देत नाही, ते पाहून राह्यलो.”

बसस्टँडमागे त्यांचा कंप्युटर क्लास होता. आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा उतरवून देतो तो कंपायलर. गावात तेव्हा एकच चालायचा, निळ्या पडद्याचा. विकत कोणीच घेतलेला नव्हता. एका फ्लॉपीची पिल्लं घरोघर गेली होती. कॉलेजची परीक्षाही त्याच्यावरच. भाऊजींनी मात्र हट्टानं दुसराच लावलेला, काळ्या पडद्याचा. त्याला फुकटातला म्हटलं की ते चिडत. “फुकट नाही, मोकळा म्हण. उघडून पाहा, बदल, वाट, कोणी कायले विचारत नाही.” त्या वर्षांत कपाशीचं बियाणं दरसाल पाकिटातून आणावं लागे, घरची सरकी पेरून भागत नसे, आणि बाबा त्यावरून रोज करवादत. भाऊजी त्यांना सांगत, “मामाजी, हा कंपायलर घरच्या सरकीचा हाय.” बाबांना कंपायलर कळला नाही, पण जावई आपल्या बाजूचा आहे एवढं कळलं.

कोणाच्याही लग्नात आहेर म्हणून भाऊजी त्या कंपायलरची सीडी द्यायचे. मुकुटबनच्या आत्यानं ती ज्वारीत टांगली, पाखरं उडवायला. मला हसू आवरेना. भाऊजी गंभीरपणे म्हणाले, “चालते. कोणत्याबी कामाले वापरा, असंच लिहेल हाय त्यात.”

त्या कंपायलरची इंग्रजी दटावणी त्यांनी आत शिरून वऱ्हाडीत केली होती. ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला की पडद्यावर यायचं, ‘काहून बे, अर्धविराम कुठं ठेवला?’ पोरं खो खो हसायची. पण परीक्षा जवळ आली तशी एकेक करून समोरच्या निळ्या क्लासात गेली. त्यांची तरी काय चूक? ताई रडकुंडीला आली. “लावा न तो निळा. क्लास बुडून राह्यला. कोण पाहाले येते, चोरीचा हाय का कायचा?”

“मी पाह्यतो न,” भाऊजी हळूच म्हणाले.

शेवटी क्लासात उरले मी. गोडीबिडी काही नव्हती. घरचाच क्लास, जाते कुठं? पुढं भाऊजींनी कुलूप घातलं आणि लोहाऱ्याला एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरी धरली. त्यांना तिथं बघून माझा जीव तुटायचा, आणि रागही यायचा. कुलूप घालताना त्यांनी मला एक सीडी दिली होती. “याच्यात आतलंबी सारं हाय. मशीन बदललं तरी पुन्हा पेरता येते.”

आता भाऊजी नाहीत. मी पुण्यात प्रोग्राम लिहिते, आणि प्रत्येक नव्या लॅपटॉपवर ती सीडी पुन्हा पेरते. ती पहिल्यांदा लावली तेव्हा माझा अर्धविराम राहिला होता. पडद्यावर आलं, ‘काहून वं, अर्धविराम कुठं ठेवला?’

बे नव्हे, वं. पोरांना म्हणायचा तो ‘बे’ त्यांनी सगळ्या संदेशांतून वेचून काढला होता आणि पोरीला म्हणतात तो ‘वं’ घातला होता, उरलेल्या एका मेहुणीसाठी. इथं मला कोणी वं म्हणत नाही. म्हणून मी अधूनमधून अर्धविराम मुद्दाम विसरते.