नाना डोळे मिटून बोलत

माझे सासरे भांडत नसत. ते प्रार्थना करत. भाजीत मीठ जास्त पडलं तर जेवताना अवाक्षर काढायचे नाहीत, संध्याकाळी घरच्या उपासनेला गुडघे टेकले की डोळे मिटून सुरू व्हायचे, "हे प्रभू, मी धुळीतला किडा. पण आमच्या सुनेचं चित्त थाऱ्यावर नाही, तिला सांभाळ." यावर उत्तर काय देणार? बोलणं देवाशी चाललेलं. वर शेवटी सगळ्यांनी 'आमेन' म्हणायचं, म्हणजे मीही.

लालबागच्या आमच्या चाळीत ख्रिस्ती घरं दोनच. नाना गिरणीत कापड विणायचे साचे चालवत आणि रविवारी चर्चच्या कारभारातले पंच म्हणून मिरवत. मिरवत म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं. मंडळीत नानांइतका नम्र माणूस नाही, असं पाळकसाहेब म्हणायचे, आणि नाना मान खाली घालून ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे.

माझा नवरा सुधाकर त्याच गिरणीत होता. संप लागला तसे बापलेक दोघेही घरी बसले. महिने गेले. भांडीकुंडी विकून झाली. मुलगी तान्ही आणि माझं दूध आटलेलं. एक दिवस सुधाकर पोलिसांच्या गाडीत बसून कामावर गेला. संप मोडला म्हणून चाळीने त्याच्याशी बोलणं टाकलं, ते मी समजू शकते. त्यांचीही पोरं उपाशीच होती. पण नानांनी केलं तसं त्यांनी कुणी केलं नाही.

प्रभुभोजनाचा रविवार होता. द्राक्षारसाच्या पेल्यांचं तबक नाना बाकाबाकावरून फिरवत होते. सुधाकरने हात पुढे केला. नानांनी तबक त्याच्यापुढून उचललं आणि माझ्यापुढे धरलं. सगळी मंडळी बघत होती. मी पेला घेतला नाही.

घरी आल्यावर सुधाकर म्हणाला, "नाना, शिव्या घाला, थोबाडीत मारा. पण चार माणसांत असं का केलंत?"

नानांनी डोळे मिटले. "हे प्रभू, तुला विकणारा यहूदा माझ्या पोटी जन्मला. हे माझंच पाप."

"स्वतःला पापी म्हणायचं आणि दगड मला मारायचा," सुधाकर म्हणाला, आणि चप्पल घालून बाहेर पडला.

पुढे गिरणीच बंद पडली. कामावर गेलेले आणि न गेलेले, सगळेच रस्त्यावर आले. सुधाकर पिऊ लागला. पाळकसाहेब एकदा घरी आले आणि नानांना म्हणाले, "पोराला एकदा जवळ घ्या. चुकलं, एवढंच म्हणा."

"देवापुढे मी रोज नमतो, साहेब. पोटच्या पोरापुढे बापाने नमावं, असं शास्त्रात कुठं आहे?"

पाळकसाहेबांनी शास्त्र उघडून पुढे केलं. नानांना चष्मा सापडेना.

सुधाकर परळच्या इस्पितळात पडला तेव्हा अंगाने हळदीसारखा पिवळा झाला होता, पोट फुगलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, भेटणाऱ्यांना बोलावून घ्या. नाना आले. खाटेशेजारी, वॉर्डच्या फरशीवर त्यांनी गुडघे टेकले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "हे प्रभू, मी गर्विष्ठ! माझ्या लेकरावर मी अन्याय केला!" आजूबाजूच्या खाटांपाशी बसलेल्या बायकांनी हात जोडले. एकीने डोळ्यांना पदर लावला.

"नाना," सुधाकर म्हणाला, "मी इथंच आहे. मला सांगा ना."

नानांनी डोळे उघडले नाहीत. आवाज मात्र चढवला.

"तुम्हाला ऐकू येतंय, नाना. मला सांगा."

प्रार्थना चालूच राहिली. सुधाकरने माझ्याकडे पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. सकाळी तो गेला.

माती दिल्यावर काही दिवसांनी मी पोळ्या लाटत असताना नाना दाराशी येऊन उभे राहिले. "बाय, चुकलं माझं," म्हणाले. माझ्याकडे बघून. त्यात ना प्रभू होता, ना किडा, ना धूळ. इतक्या वर्षांत तो माणूस खरोखर वाकलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि मला त्याची जराही दया आली नाही.

"मला कशाला सांगता?" मी म्हटलं. "ज्याला सांगायचं तो मागत होता."

"हो," नाना म्हणाले.

त्यांनी पंचपद सोडलं. मोठ्याने प्रार्थना करणं सोडलं. पुष्कळ वर्षं जगले, आणि अधूनमधून, ताट उचलताना, औषध घेताना, तेवढंच म्हणत राहिले, "बाय, चुकलं." मी त्यांचं सगळं केलं, अगदी शेवटचं अंथरूण बदलण्यापर्यंत. 'माफ केलं' एवढं म्हटलं नाही.

आता नानाही नाहीत. रविवारी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर मीही म्हणते. 'आम्ही इतरांना क्षमा केली तशी आम्हालाही कर' ही ओळ आली की गप्प राहते.