‘मी येतो’ म्हणणाऱ्या वहिनी

अनिताचा फोन आला तेव्हा आमचे हे बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होते. “मीनामावशी, मॉम पास्ड अवे,” एवढंच ती म्हणाली. डोरीनवहिनी गेल्या. त्याला आता सहा आठवडे झाले. इथे हॅमिल्टनमध्येच राहायच्या, आणि तरी मी त्यांच्याकडे शेवटची कधी गेले होते ते मला आठवून काढावं लागलं...

वहिनी मूळच्या यॉर्कशायरच्या. हडर्सफील्डच्या एका लोकरीच्या गिरणीत, विणलेल्या कापडातले तुटके धागे सुईनं भरून काढायचं काम करायच्या. सोलापूरचे वसंतराव देवधर त्याच गिरणीत शिकायला आले. त्यांची घरमालकीण खोलीवर कुणाला येऊ देत नसे, आणि वहिनींचे वडील त्यांना दारातही उभं करत नसत. मग शनिवारी दुपारी दोघं कालव्याच्या काठानं चालायचे, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, व्हिनेगर मारलेल्या चिप्स खायचे. वसंतराव पक्के शाकाहारी, पण चिप्स जीव की प्राण. त्या गाईच्या चरबीत तळतात हे वहिनींनी त्यांना कधीच सांगितलं नाही. बस येईपर्यंत ते त्यांना मराठी शिकवायचे, प्रत्येक भेटीत एक वाक्य. पहिलं वाक्य, “मी येतो.” लग्नाला वडील आले नाहीत. त्याच वर्षी दोघं कॅनडाला निघून आले.

पुढची चाळीस वर्षं वहिनी तशाच बोलल्या. मी येतो, मी दमलो, मी विसरलो. वसंतरावांनी एकदाही टोकलं नाही.

ते गेले आणि घरातली मराठी संपली. अनिताला मराठी फारशी कळत नसे, ती इंग्रजीतच उत्तर द्यायची. वहिनी मला फोन करायच्या. काम काही नसायचं, नुसतं बोलायचं असायचं. मंडळाच्या संक्रांतीला चार बायका त्यांच्या बोलण्यावर हसल्या, आणि मला वाटलं, यांना कुणीतरी सांगायला हवं. परतताना गाडीत मी सांगितलं, “वहिनी, बाईनं ‘येते’ म्हणायचं. ‘येतो’ पुरुष म्हणतात.”

त्या म्हणाल्या, “वसंतनं कधी सांगितलं नाही.”

त्यांना ते गोड वाटत असेल, मी म्हटलं.

“म्हणजे तोपण हसत होता.”

नाही हो, तसं नाही, असं मी परोपरीनं सांगितलं. पण त्या दिवसापासून त्या माझ्याशी इंग्रजीतच बोलल्या. फोन कमी झाले, मग थांबले. मीही केला नाही. आज करू, उद्या करू...

गेल्या आठवड्यात अनितानं घर आवरायला बोलावलं. किचनमधल्या फोनशेजारी एक पॅड होतं. रोमन अक्षरांत पानंच्या पानं भरलेली. मी येते. मी दमले. मी विसरले. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, “मीना, मी डोरीन बोलते. तू रागावली नाहीस ना?” आणि खाली माझा नंबर.

“व्हॉट डझ इट से?” अनितानं विचारलं.

फोनखाली एक उंच स्टूल आहे. त्यावर बसून त्या ही वाक्यं घोकत असणार, आणि नंबर न लावताच उठत असणार. मी त्या स्टुलावर बसले... आणि मला उठवेना.