बांबूवरची चादर

माझे सासरे उद्धव कदम सिंगापूरला, बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हापासून माझी चादर माझी राहिलेली नाही. रोज सकाळी ते ती धुऊन खिडकीबाहेरच्या बांबूवर घालतात आणि तिच्याकडे बघत बसतात. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी विमानातून उडी मारली होती. पॅराशूटवाल्याने आधी वारा बघावा, म्हणतात. माझ्या मुलाने, यशने, एनएसमध्ये, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत, हौसेने पॅराशूटचं ट्रेनिंग मागून घेतल्यापासून तर ही चादर म्हणजे डोक्याला ताप झालाय.

आज यशची उडी होती. चादर वाऱ्याने आडवी, ताठ झाली होती. मी सारखी फोन बघत होते. बाबा मात्र निवांत चहा पीत होते.

"रद्द करतील गं. एवढ्या वाऱ्यात ट्रेनिंगमध्ये कोणी उडी मारायला लावत नाही."

"आणि तुमच्या वेळी?"

"असाच वारा होता. पण लढाईत रद्द कोण करणार? माझ्या पुढचा धैर्यशील तळ्यात उतरला. पट्टीचा पोहणारा होता. पण वाऱ्याने फुगलेलं पॅराशूट त्याला पाण्यातून फरफटत घेऊन गेलं."

तेवढ्यात यशचा फोन आला. "आई, रद्द नाही झालं. आज जायचंच म्हणतायत. फोन जमा करतोय, ओके लाह, नंतर बोलू."

मी बाबांना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला, बांबू आत ओढून घेतला आणि ओल्या चादरीचीच घडी घालायला लागले.

"अहो बाबा, ट्रेनिंगच आहे ना?"

"ट्रेनिंग असतं तर रद्द झालं असतं."