उजवा हात

बाही वर सारून ती उजवा हात टेबलावर ठेवायची आणि बजावायची, "डाव्याले हात नका लावू." डाव्या बाजूचा स्तन काढला होता, त्या हातातून रक्त घ्यायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी दर तीन महिन्यांनी तेच बोलणं.

नेरच्या एका लहानशा लॅबमध्ये मी रक्त घ्यायचो. कॅन्सर परत डोकं वर काढतोय का, हे पाहणारी तिची तपासणी नागपूरला होई. नळी बर्फाच्या डब्यातून बसनं जायची, चार दिवसांनी आकडा यायचा. एका आकड्यानं काही ठरत नाही, तो चढत जातोय का, हे मागच्यांशी ताडून पाहावं लागतं, हे मी तिला समजावलं होतं.

ती जिनिंगमध्ये कामाला. केसांत कापसाचे तंतू घेऊनच यायची. रिपोर्ट हाती पडला की घरी न जाता थेट गावातल्या एका डॉक्टरांकडे. याच माणसानं हात न लावता "साधी गाठ आहे, जिरेल" म्हणत वर्षभर तिला गोळ्यांवर ठेवलं होतं. ती नंबर लावायची, आत जाऊन कागद पुढे करायची. "मोठ्यानं वाचा, साहेब."

"तिथं कायले जाता?" मी एकदा विचारलं.

"मी मेली असती तं सुटले असते ते. जित्ती हाओ, हे त्यायच्याच तोंडून वदवून घेतो."

कापसानं सगळ्यांनाच बुडवलं होतं, ती ही वर्षं. फवारणीचं औषध पिऊन गेलेल्या शेतकऱ्यांच्या घरी अधिकाऱ्यांच्या, पत्रकारांच्या गाड्या यायच्या. तशी एक गाडी जाताना पाहून ती म्हणाली, "मेल्यावर चौकशी. माई गाठ हाताले लागे, तवा कोणं विचारलं?"

पुढे डॉक्टरांनी तिला नंबर देणं बंद केलं. मग ती बाहेरच्या बाकावर बसून प्रत्येक बाईला विचारू लागली, "गाठ हाये का कुठी? हात लावून पाह्यली का त्यायनं?" अशी बाई तुमच्याही गावात असेल, लोक जिला भांडकुदळ म्हणतात. डॉक्टर चिडून लॅबमध्ये आले. "तिला माझ्याकडे पाठवू नका."

"मी नाही पाठवत, साहेब. वर्षभर तुम्हीच बोलावत होते."

मग आकडा ओळीनं तीनदा चढला. तिनं कागद बराच वेळ पाहिला. "हाही दाखवतो," म्हणाली. त्या दिवशी मी सोबत गेलो, आम्हाला कुणी अडवलं नाही. डॉक्टरांनी मनातच वाचलं आणि चष्मा काढला. "चूक झाली बाई. माफ करा."

तिनं कागदाची घडी घातली. "नाही करत."

कापूस वेचणीला आला तेव्हा ती गेली.

काही महिन्यांनी बसस्टँडवर डॉक्टर भेटले. आता गाठ दिसली की लगेच यवतमाळला पाठवतो, म्हणाले. मग हळूच विचारलं, "शेवटी माझ्याबद्दल काही बोलली का?"

खोटं बोलून त्यांना मोकळं करणं माझ्या हाती होतं.

"शेवटीही माफ केलं नाही म्हणाली," मी सांगितलं आणि बसमध्ये चढलो.