फुलवाल्याला दिलेलं उत्तर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती गेली त्याआधीचे दोन महिने आम्ही रोज संध्याकाळी बोलत बसायचो. तिने आपलं सगळं सांगून टाकलं, कुठल्या नणंदेचं लुगडं तिने मुद्दाम फाडलं होतं इथपर्यंत. माझी पाळी आली की मी म्हणायचो, औषधाची वेळ झाली. आता तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे कारणही फारसं शूराचं नाही, मला ठाऊक आहे.

गोष्ट लहान आहे. एका माणसाने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याला तीन शब्दांत उत्तर दिलं, एवढीच. पण एकदम तिथे पोचायचा मला धीर नाही. थोडं फिरून येऊ द्या.

एकोणीसशे तीस ते चाळीसच्या मधली वर्षं. मी नाशिकला इंग्रजी सहावीत, म्हणजे मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात होतो. वडील कोर्टात हेडक्लार्क. त्यामुळे न्याय या वस्तूबद्दल आमच्या घरात कुणाचे गैरसमज नव्हते. त्या वर्षी आमच्या हेडमास्तरांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं, की छंदाने चारित्र्य घडतं. झालं. प्रत्येक मुलाने आठ दिवसांत एक छंद लावून घ्यावा असा हुकूम निघाला. काहींनी पोस्टाची तिकिटं जमवायला घेतली. ज्यांच्या घरी पत्रंच येत नसत त्यांनी पिसं जमवली. त्यांची चारित्र्यं किती घडली सांगता येत नाही. आळीतल्या कोंबड्या मात्र त्यांना पाहून पळत.

माझा छंद चित्रकला. आणि एकनाथचा छंद रद्दी.

एकनाथ हा माळ्याचा मुलगा, माझ्या बाकावर बसणारा. गंगापूरच्या रस्त्याला त्यांचा फुलांचा मळा होता. त्याचे वडील — त्यांना सगळे तात्या म्हणत, मीही म्हणायचो — रविवार कारंज्याजवळ हार आणि पुड्या विकत. पुड्या बांधायला जुनी वर्तमानपत्रं शेरांवर घरी येत, आणि ती फाडण्याआधी एकनाथ वाचून काढी. जगातली प्रत्येक बातमी त्याला सहा महिने उशिरा कळे, पण आम्हा सगळ्यांपेक्षा नीट कळे. छंदावरच्या निबंधात त्याने हेच लिहिलं आणि पहिला नंबर घेतला. माझा दुसरा आला. — हे मी कारण म्हणून सांगत नाही. तसं वाटलं तर पुसून टाका. मत्सर असता तर निदान समजण्याजोगं तरी काही झालं असतं.

छंदानंतर नीतीची पाळी आली. शाळेचं एक हस्तलिखित निघे. एकच प्रत, ती वाचनालयाच्या टेबलावर ठेवायची आणि सगळ्यांनी येऊन वाचायची. त्याला नाव द्यायला तीन सभा झाल्या. नाव आता आठवत नाही, सभा आठवतात. त्यात हेडमास्तरांनी ‘नीतिप्रश्न’ असं सदर सुरू केलं. दाराशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला, झाकणाला चीर पाडली. कुणालाही नैतिक शंका आली तर त्याने निनावी चिठ्ठी टाकावी, संस्कृतचे शास्त्रीमास्तर उत्तर देतील. पहिल्याच अंकात कुणीतरी विचारलं, बोलपट पाहणं नीतीला धरून आहे का? शास्त्रीमास्तरांनी दीड पान ‘नाही’ म्हणून लिहिलं. दर नव्या बोलपटाला ते पुढून तिसऱ्या रांगेत असत. आम्हाला माहीत होतं, कारण आम्ही चौथ्या रांगेत असू.

या सदराची खुबी अशी, की चिठ्ठ्या मी काढायच्या, माझ्या अक्षरात उतरवायच्या आणि मूळ कागद फाडून टाकायचा. सगळा अंक, चित्रांसकट, माझ्या एकाच हाताचा, म्हणजे कुणी काय विचारलं ते कुणालाच कळायचं नाही. मुलांचा यावर फार विश्वास होता. अक्षर बदललं की माणूस लपतो, असं त्यांना खरंच वाटे. पण मधे एक माणूस मूळ अक्षर बघतो, हे त्यांच्या ध्यानात कसं आलं नाही? की आलं होतं, आणि तो माणूस मी आहे म्हणून त्यांना काळजी वाटली नाही?

एका चिठ्ठीत लिहिलं होतं : एका मुलीने स्वतःबद्दलचं पत्र घरच्यांच्या नकळत वाचलं. ते वाचून सासरी जाणं टाळावं म्हणून ती आजारी असल्याचं दाखवते आहे. तिच्या भावाला हे माहीत आहे. त्याने खरं सांगावं की गप्प राहावं?

ना नाव, ना गाव. जात, धंदा, काही नाही. पण तीन वर्षं मी ज्याच्या वहीतून गणितं उतरवत होतो त्याचं अक्षर मला कळणार नाही?

एकनाथची मोठी बहीण चंद्रभागा दिवाळीला सटाण्याहून माहेरी आली होती आणि परत गेली नव्हती. तिला भोवळ येते, डोकं धरतं, असं मी ऐकून होतो. मळ्यात पेरू खायला गेलो की ती दिसायची : कपाळाला पांढरी पट्टी, लुगड्यावर तात्यांचा जुना पितळी बटणांचा कोट, आणि विहिरीच्या काठावर हार ओवणं. मला पेरू तीच निवडून द्यायची. म्हणायची, “हा घ्या भाऊ, पोपटानं चाखलेला. त्याला इस्कुलात न जाता कळतं.” तिला वाचता येतं हे मला त्या चिठ्ठीवरून कळलं. रद्दीवर शिकवलं असणार, एकनाथने, पुड्या बांधता बांधता. आणि तात्यांना अक्षर ओळखीचं नव्हतं. घरात आलेलं पत्र ते वाण्याकडून वाचून घेत.

प्रश्न मी जसाच्या तसा उतरवला. एक शब्द बदलला नाही. याचा मला कित्येक वर्षं अभिमान होता, सांगू का? मी शब्दही बदलला नाही, असं मी स्वतःला बजावत असे.

मी फक्त वर चित्र काढलं.

विहीर, तिच्यावर वाकलेली बाभूळ, काठावर बसलेली बाई. कपाळाला पट्टी, अंगात पितळी बटणांचा कोट. मांडीवर अर्धवट हार, आणि हाराआड धरलेला कागद. ते मी आयुष्यात काढलेलं सगळ्यात चांगलं चित्र. हे तुम्हाला सांगताना आत्ताही मला थोडं बरं वाटलं — पाहिलंत?

अंकाचं प्रकाशन शनिवारी दुपारी होतं, एका रावसाहेबांच्या हस्ते. रावसाहेब सत्यावर बोलणार होते. पुढे ते तासभर बोललेही. सत्य सूर्यासारखं असतं म्हणाले आणि जाताना छत्री उघडून गेले. त्यांच्यासाठी हार तात्यांकडून यायचे होते. हे मला माहीत होतं. हार कुठे ठेवायचे ते मीच ठरवलं होतं : वाचनालयाच्या टेबलावर. आणि अंक त्याच टेबलावर, त्या पानाशी मीच उघडून ठेवला होता. मजकूर तात्यांपर्यंत कधीच पोचला नसता. चित्र वाचायला मात्र शाळेत जावं लागत नाही.

एकनाथ मागच्या अंगणात बाकं लावत होता. तात्या टोपली डोक्यावर घेऊन आले, हार ओल्या फडक्यावर मांडले, उपरण्याने मान पुसली आणि पुस्तकाकडे पाहिलं.

“भाऊ, तू काढलं व्हय हे?”

“हो, तात्या.”

“लय झकास. आरं, हा तं माझाच कोट!” ते हसले. मग बाभळीवर बोट ठेवलं, मग विहिरीवर. मग हसायचे थांबले. “आन ही काय करून ऱ्हायली?”

“पत्र वाचतेय.”

“वाचतेय,” ते म्हणाले. बोट तिथेच. “आन डोक्याला पट्टी कशापायी?”

इथे मी पोचलो.

माझ्या जिभेवर पहिलं उत्तर आलं होतं ते वेगळं होतं. ‘ऊन लागतं म्हणून.’ ते अगदी तयार होतं, मी ते विचार करून शोधलंही नव्हतं. मी ते गिळलं. त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणालो,

“सोंग आहे ते.”

का? यावर मी पुष्कळ वर्षं घालवली आहेत. चित्रकाराला चेहरा बदलताना बघायचा होता, असंही एकदा स्वतःला सांगून पाहिलं. ऐकायला बरं वाटतं, कलेबिलेसारखं. पण तसं काही नव्हतं. मला ठाऊक होतं की हे बोललं की काहीतरी मोडेल. आणि ते माझ्या हातून मोडावं असं मला वाटलं. चेहरा बदलला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मला आवडलं. छातीत गुदगुल्या झाल्यासारखं आवडलं. माझं वय सोळा होतं, पण सोळाव्या वर्षी माणसाला आपण काय करतो आहोत ते चांगलं समजतं.

तात्यांनी टोपली उचलली. दारातून वळून म्हणाले, “पाणी मारा हारांवर. सुकतील.” आणि गेले.

रविवारी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने त्यांनी चंद्रभागेला स्वतः सटाण्याला नेऊन सोडलं.

सोमवारी एकनाथ शाळेत आला तो ओठ सुजलेला. मधल्या सुट्टीत मला नळापाशी गाठून त्याने सगळं सांगितलं. ‘शाळेच्या पुस्तकात समदं निघालंय’ एवढंच तात्या घरी म्हणाले होते, माझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. सटाण्याहून आलेल्या पत्रात असं होतं, की आम्ही दुसरी बायको केली आहे, तिला दिवस गेलेत, कांदा काढायला हात नाहीत, तेव्हा हिला धाडून द्या. वाण्याने भिडेखातर तात्यांना फक्त शेवटचं वाक्य वाचून दाखवलं होतं. बहिणीने पूर्ण वाचलं. दोघं ठरवत होती की तात्यांना कसं सांगावं — सांगायचं तर ती वाचायला शिकली हेही सांगावं लागणार. तेवढ्यासाठी थोडे दिवस हवे होते, म्हणून पट्टी. शेवटी रविवारी तिने मोटारीत चढताना तात्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, जी भोवळ खोटी आणते तिचं पत्रही खोटंच.

मग त्याने मला विचारलं, “मी फार उघड लिहिलं का रे? तू ओळखलं नाहीस, चित्र तर असंच काढलंस, पण तुझ्याही डोळ्यांपुढे आमचाच मळा आला. म्हणजे मीच काहीतरी लिहून गेलो असणार. काय लिहिलं होतं मी?”

त्याला आपले शब्द आठवत नव्हते. मला आठवत होते, आजही आठवतात, वर सांगितलेच. त्यात काहीही उघड नव्हतं.

मी म्हणालो, “हो. जरा जपून लिहायला हवं होतंस.”

त्याने मान हलवली. आणि — हे कसं सांगू — त्याने माझी माफी मागितली. त्याच्या चिठ्ठीमुळे अंकाला नावं ठेवली गेली असतील, हेडमास्तर मला बोलले असतील, म्हणून. मी म्हणालो, जाऊ दे.

मॅट्रिकला तो बसला नाही. रद्दी तो न वाचता फाडायला लागला, असं कुणीसं म्हणालं. सटाण्याची हकीकत पुढे त्याच्याकडूनच तुकड्यातुकड्याने कळली. सून वाचते, हे तात्यांनी तिथे सांगून ठेवलं होतं. सासूने तिच्या हाती कागद लागू द्यायचा नाही असा नेम केला. एकदा गुळाच्या पुडीचा कागद वाचताना धरली तेव्हा नवऱ्याने तिचा डावा हात पिरगाळला. तो पुढे कधी सरळ झाला नाही. मी ऐकलं, ‘अरेरे’ म्हणालो, आणि दोन वर्षांनी मुंबईला नोकरीला गेलो. तात्या वारले तेव्हा मी एकनाथला पत्र लिहिलं. चांगलं पत्र होतं.

गेल्या वर्षी नाशिकला लग्नाला गेलो होतो. एकनाथने भर मांडवात ओळखलं आणि ओढून घरी नेलं. मळ्याचे आता प्लॉट झालेत, कडेला गुलाबाचे चार वाफे उरलेत. नवरा गेल्यावर बहीण त्याच्याकडेच परत आली होती. सगळे केस पांढरे, डावा हात कोपरात दुमडलेला. चहा तिनेच आणला, कपबशी त्या दुमडलेल्या हाताच्या खोबणीत धरून, एक थेंब न सांडता.

“आक्का, ओळखलंस का? चित्र काढणारा,” एकनाथ म्हणाला.

“वळखलं की,” ती म्हणाली. “पेरू खायला यायचे. चित्र काही मला पाहायला भेटलं नाही, पण लय नाव ऐकलं.” मग भावाकडे हनुवटी उडवून मला म्हणाली, “तुमचं चित्र झाक होतं, भाऊ. या शहाण्याच्या चिठ्ठीनं घात केला. ह्याच्यापायी गेले मी सटाण्याला!”

बोलण्यात राग नव्हता. ही त्या घरातली रोजची थट्टा असावी. मीठ कमी पडलं, वीज गेली, की म्हणायची. एकनाथ मान खाली घालून हसला, सवयीने, पन्नास वर्षं हसत आला असेल तसा. “चुकलो बाई, किती वेळा सांगू?” म्हणाला.

ती दोघं माझ्याकडे पाहत होती. चहा गरम होता. बोलायला हवा तेवढा वेळ होता.

मीही हसलो. त्या दोघांपेक्षा जरा जास्तच.